मॅरिस कॉलेजची हजेरी

लखनऊच्या मॅरिस संगीत कॉलेजच्या इतिहासात १९३६ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, संस्थेचे संस्थापक पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी मुंबईत देह ठेवला. आणि त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा जेमतेम अकरा वर्षांचा एक मुलगा गाणे शिकायला लखनऊला आला आणि प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या घरीच राहू लागला. त्याचे नाव कृष्णा गिंडे. पहिली घटना संगीताच्या प्रत्येक इतिहासात आहे. दुसरी जाणकारांच्या बोलण्यात येते, क्वचित एखाद्या चरित्रात. पण भातखंडे गेल्यावर त्यांचे काम जगले कसे, हे समजून घ्यायचे असेल तर त्या मुलाच्या मागोमाग जावे लागेल.

२०२६ साली या संस्थेला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. अशा वेळी इतिहास लिहायचा म्हणजे उद्घाटने, इमारती, अनुदाने आणि नामांतरे यांची यादी देणे सोपे. ती यादी पुढे येईलच, थोडक्यात. पण गाणे शिकवणाऱ्या संस्थेचा खरा ऐवज तिच्या भिंतींत नसतो, तिथून बाहेर पडलेल्यांच्या गळ्यांत आणि हातांत असतो. म्हणून या लेखात हजेरी घ्यायची आहे ती विद्यार्थ्यांची. विशेषतः ज्यांनी घरदार सोडले, हजार-दीड हजार किलोमीटरवरून लखनऊ गाठले, तिथेच राहिले आणि शिकले, अशांची.

लखनऊ का, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येतोच. भातखंडे मुंबईतल्या वाळकेश्वरचे. जन्म १० ऑगस्ट १८६०, गोकुळाष्टमीचा. शिक्षण वकिलीचे. पत्नी आणि मुलगी यांच्या मृत्यूनंतर त्यांनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य रागसंगीताची शिस्तवार मांडणी करण्यात घातले. दक्षिणेत एट्टयपुरमपर्यंत आणि उत्तरेत रामपूरपर्यंत ते फिरले. जयपूरच्या मुहम्मद अली खाँ कोठीवाल यांच्याकडून, रामपूरच्या वजीर खाँ यांच्याकडून चिजा घेतल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग बंदिशींनी भरले. बडोद्याच्या गायनशाळेची घडी बसवली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू केले. तरी एक राष्ट्रीय पातळीची संगीत अकादमी व्हावी, ही त्यांची इच्छा अपुरी होती. १९१६ ला बडोद्यात, मग दिल्लीत, मग काशीत अखिल भारतीय संगीत परिषदा भरल्या. चौथी आणि पाचवी परिषद लखनऊला झाली, आणि तिथे या इच्छेला हात देणारी माणसे भेटली: दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली, आणि त्यांच्याच घराण्यातले, संयुक्त प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने १९२६ मध्ये कॉलेज उघडले. नाव गव्हर्नरचे, आधार अवधच्या तालुकदारांचा, पुस्तके वाळकेश्वरच्या एका मराठी वकिलाची. ठुमरी आणि कथकाच्या या शहरात असा मेळ जमला, हे मला आजही फार मोलाचे वाटते.

आज संस्था उभी आहे ती कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्याच्या परिसरात. नवाबाच्या काळात तिथे नृत्य-गायनाचे शिक्षण चालत असे. १८५६ मध्ये इंग्रजांनी नवाबाला कलकत्त्याला पाठवले आणि ते सगळे उधळले गेले. त्याच आवारात पुन्हा तंबोरे जुळू लागले, पण आता शिकायला येणारी मुले वेगळी होती: शिक्षकांची, कारकुनांची, वकिलांची मुले, आणि पुढे चांगल्या घरांतल्या मुलीही. जन्माने गवई नसलेल्या माणसाला गाणे शिकण्याचा हक्क आहे, हे भातखंडे यांचे म्हणणे या वर्गांनी प्रत्यक्षात आणले.

आता रातंजनकर. त्यांच्याशिवाय ही हजेरी सुरूच होत नाही.

जन्म मुंबईचा. वडील पोलीस खात्यात, पण सतारीचे वेडे. पहिली तालीम कारवारकडच्या कृष्णंभट होनावर यांची, मग अनंत मनोहर जोशी यांची, मग भातखंडे यांची. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे १९१७ पासून काही वर्षे राहून ते शिकले. नंतर मुंबईला परत येऊन १९२६ मध्ये बी.ए. झाले. फैयाज खाँचा गंडा आणि विद्यापीठाची पदवी, दोन्ही एकाच माणसाकडे, अशी जोडी त्या काळात विरळाच. १९२८ साली ते मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९५७ पर्यंत राहिले. एकोणतीस वर्षे. विद्यार्थी त्यांना अण्णासाहेब म्हणत.

माणसाची गाण्याची उमेदीची वर्षे म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षापासून पंचावन्नपर्यंतची. अण्णासाहेबांनी ती सगळी वर्ग घेण्यात, परीक्षा घेण्यात, पैशाची चणचण सोसण्यात आणि नव्या बंदिशी रचण्यात घालवली. मैफलीचे गवई म्हणून त्यांचे नाव त्यांच्या योग्यतेइतके मोठे झाले नाही. याची हळहळ अनेकांनी बोलून दाखवली आहे, आणि तिच्यात खोटे काही नाही. पण माझे मत असे, की त्यांनी हा सौदा जाणून केला होता. ‘सुजन’ या मुद्रेने, म्हणजे बंदिशीत गुंफलेल्या टोपणनावाने, त्यांनी शेकडो बंदिशी बांधल्या. त्या ‘अभिनव गीत मंजरी’त आहेत. सालगवराळी, सावनी केदार, मार्ग बिहाग, रजनी कल्याण अशा रागांना त्यांनी रूप दिले. हे काम मैफलीच्या टाळ्यांसाठी नव्हते. पुढे कोणीतरी गाईल, कोणीतरी शिकवील, या विश्वासावर ते उभे होते. त्या ‘कोणीतरी’ला घडवणे हाच मग त्यांच्या आयुष्याचा मुख्य उद्योग झाला.

संगीत महाविद्यालयांवर पहिल्या दिवसापासून एक आक्षेप आहे: वर्गात गवई तयार होत नाहीत. तासाची घंटा, हजेरीपट, अभ्यासक्रमातले ठरावीक राग, वर्षाअखेरची परीक्षा यांतून रागाचे व्याकरण येईल, गाणे येणार नाही. घराणेदार उस्ताद हे म्हणत, आणि आजही म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. मॅरिस कॉलेजातून विशारद होऊन बाहेर पडलेल्या शेकडो विद्यार्थ्यांपैकी फार थोडे मंचावर नावारूपाला आले. पण ते थोडे कोण होते, हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. त्यांतल्या आघाडीच्या मंडळींनी अण्णासाहेबांची तालीम वर्गाबाहेरही घेतली होती. शिष्याने गुरूच्या सहवासात राहायचे, ही घराण्याची जुनी रीत त्यांनी महाविद्यालयाच्या आत जपली. वर्ग आणि घर दोन्ही एकाच माणसाच्या हाती होते. दिवसाच्या वर्गातून शिक्षक आणि जाणते श्रोते निघाले, गुरूच्या घरातून गवई. मॅरिसची ही खरी युक्ती होती आणि ती कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नव्हती.

गिंडे यांचे उदाहरण घ्या. अकराव्या वर्षी आलेला मुलगा लखनऊमध्येच शाळा शिकला, मॅट्रिक झाला, गाण्यातली विशारद आणि पुढची निपुण परीक्षा उत्तीर्ण झाला आणि तिथेच शिकवू लागला. १९५१ मध्ये तो मुंबईला गेला. म्हणजे पंधरा वर्षे, सगळे वाढीचे वय, गुरूच्या छायेत. अशा मुलाला चीज शिकवावी लागत नाही. शेजारच्या खोलीत गुरू नवी बंदिश जुळवत असतात, ती अर्धी ऐकताना पाठ होते, पुरी झाली की तपशील तेवढे विचारायचे उरतात. गिंडे यांच्या स्मरणशक्तीविषयी जाणकार आदराने बोलत. भातखंडे आणि रातंजनकर या दोघांच्या बंदिशींचा असा मुखोद्गत साठा क्वचितच कोणाकडे असेल. ध्रुपद-धमारावर त्यांचा हात होता, आणि अप्रसिद्ध रागांत ते घरच्यासारखे वावरत. स्वतःच्या रचनांना त्यांनी मुद्रा घेतली ‘सुजनदास’. गुरू ‘सुजन’, शिष्य ‘सुजनदास’. पुस्तकी संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसाने हे नाव घ्यावे, यातच त्या घरातल्या शिक्षणाचे स्वरूप कळते.

१९६२ मध्ये गिंडे मुंबईत शीव येथील वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य झाले. हे विद्यालय स्वामी वल्लभदासांनी उभारलेले. तेही फैयाज खाँचेच शिष्य. तिथे गिंडे यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. १९९४ मध्ये ते गेले. त्यांच्याबरोबर गाणारे आणि त्यांच्यासारखेच शिकवणारे एस. सी. आर. भट हेही मॅरिसचे. उत्तर कानडा भागातून आलेले भट आधी लखनऊला विद्यार्थी, मग शिक्षक, मग मुंबईत गुरू. गिंडे-भट यांचे एकत्र गाणे ज्यांनी ऐकले त्यांना दोन गळे एकाच तालमीतून कसे निघतात हे सांगावे लागत नाही. भट यांच्याविषयी एक गोष्ट मला आवर्जून नोंदवायची आहे. लखनऊमधला एक मध्यमवर्गीय मुस्लिम घरातला मुलगा त्यांच्याकडे शास्त्रीय गाणे शिकला. त्याच्या घरच्यांना गाणे पसंत नव्हते. तो मुलगा म्हणजे तलत महमूद. पुढे कलकत्त्यात ‘तपन कुमार’ या नावाने त्याने बंगाली गाणी गायली, १९४९ मध्ये मुंबईत आला आणि हिंदी चित्रपटातल्या गझलेचा चेहरा बनला. तलतच्या स्वरांतला जो सुप्रसिद्ध कंप आहे, त्याच्याखाली पक्क्या सुरांची जी जमीन आहे, तिचे श्रेय देताना भट यांचे नाव फार कमी वेळा घेतले जाते.

चिदानंद नगरकर हे याच पिढीतले, बंगळूरचे. आधी गोविंद विठ्ठल भावे यांच्याकडे शिकलेले, मग लखनऊचे. नगरकरांना एकाच गोष्टीत समाधान नव्हते. गाणे, तबला, हार्मोनियम, आणि कथकाचीही तालीम. लखनऊला राहून कथक न पाहिले असे होणार नाही, पण नगरकर ते शिकले. १९४६ मध्ये मुंबईत भारतीय विद्या भवनाने संगीत-नृत्याचे शिक्षापीठ सुरू केले, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य झाले ते हेच नगरकर. वय अवघे सत्तावीस. रागरचनेतही त्यांची बुद्धी चाले. कौशिकी अहिरी हा राग त्यांच्या नावावर आहे. १९७१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर लगेचच, ते गेले. त्यांच्या पश्चात काही काळाने त्याच शिक्षापीठाची धुरा दिनकर कायकिणी यांनी वाहिली. कायकिणी मुंबईचे, १९२७ चे. लहानपणी फैयाज खाँचे शिष्य नागेशराव यांच्याकडे शिकून मग लखनऊला गेलेले. मधली काही वर्षे दिल्ली आकाशवाणीवर निर्माते होते. त्यांच्या बंदिशींत ‘दिनरंग’ ही मुद्रा येते. ‘सुजन’, ‘सुजनदास’, ‘दिनरंग’, आणि त्यांच्या आधी भातखंडे यांची ‘चतुर’ आणि ‘हररंग’: या मुद्रा एकापुढे एक ठेवल्या म्हणजे मॅरिसची वंशावळ वाचायला मिळते.

नकाशावर हे कसे दिसते पाहा. वाळकेश्वरच्या माणसाने लखनऊला शाळा काढली. त्या शाळेची मुले मुंबईला परतली आणि वाळकेश्वरहून दिसणाऱ्या चौपाटीवरच्या भारतीय विद्या भवनात, आणि तिकडे शीवला, दोन नव्या शाळा सांभाळू लागली. मुंबईत आज आग्रा परंपरेचे, भातखंडे-रातंजनकरांच्या बंदिशींचे जे गाणे ऐकू येते, त्यातले बरेचसे या दोन पत्त्यांवरून आलेले आहे. लखनऊचे कॉलेज आणि मुंबईचा शिष्यवर्ग यांचा इतिहास म्हणून वेगवेगळा लिहिता येत नाही.

विष्णू गोविंद जोग यांची वाट निराळी. आधी शंकरराव आठवले, गणपतराव पुरोहित यांच्याकडे व्हायोलिनची सुरुवात, मग लखनऊला रातंजनकर, पुढे बाबा अलाउद्दीन खाँ. जोगांनी मॅरिसमध्ये व्हायोलिन शिकवले, मग आकाशवाणीच्या निमित्ताने कलकत्त्यात स्थायिक झाले आणि २००४ मध्ये तिथेच निवर्तले. बिस्मिल्ला खाँच्या शहनाईबरोबर त्यांची जुगलबंदी घराघरांत ऐकली गेली. पद्मभूषण मिळाले. पण त्यांच्या शिकवण्याचा एक परिणाम भारताबाहेर झाला, त्याकडे आता वळतो.

मॅरिसच्या वर्गांत सिंहली मुले होती. श्रीलंकेत तेव्हा रागसंगीताचे उच्च शिक्षण मिळण्याची सोय नव्हती, आणि शांतिनिकेतन किंवा लखनऊ या दोन ठिकाणी मुले येत. सुनिल शांत हे आधी शांतिनिकेतनात होते, मग लखनऊला येऊन १९४४ मध्ये विशारद झाले. मायदेशी जाऊन त्यांनी सिंहली गाण्याला हिंदी चित्रपटाच्या चालींपासून सोडवले. नव्या सिंहली गीताच्या जनकांत त्यांची गणना होते. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनने कलावंतांची श्रेणी ठरवायला परीक्षक म्हणून बोलावले ते खुद्द रातंजनकरांना. आणि सुनिल शांत यांनी परीक्षा द्यायला नकार दिला. सिंहली गाण्याची प्रत ठरवायला भारतीय रागसंगीताचा जाणकार का, हा त्यांचा सवाल होता. परिणामी कित्येक वर्षे त्यांची गाणी रेडिओवरून गेली नाहीत आणि त्यांनी हलाखी सोसली.

ही घटना मॅरिसच्या इतिहासात झाकून ठेवू नये. एका माजी विद्यार्थ्याने आपल्याच प्राचार्यापुढे परीक्षेला बसायचे नाकारले. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. रातंजनकरांनी त्या मुक्कामात सिंहली कलावंतांना आपल्या लोकसंगीतातून स्वतःचे संगीत घडवा असाच सल्ला दिला, आणि सुनिल शांत यांनाही सिंहली संगीत स्वतंत्र हवे होते. ध्येय जवळचे, पण परीक्षकाची खुर्ची मध्ये आली. त्याच वर्षांत भारतात माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवर कलावंतांच्या चाचण्या सुरू केल्या आणि त्यांचेही मुख्य परीक्षक रातंजनकरच होते. अनेक नामांकित उस्तादांनी तेव्हा तीव्र विरोध केला. ज्या शिस्तीने वर्गात शेकडो मुलांना गाणे दिले, ती शिस्त आयुष्यभर गाणाऱ्या पन्नाशीच्या उस्तादाला लावली की त्याचा अपमान होतो. हे तेव्हा पुरेसे ध्यानात घेतले गेले नाही, असे मला वाटते. अण्णासाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे लिहिले पाहिजे.

सुनिल शांत यांच्यानंतर दहा-एक वर्षांनी लखनऊला आले डब्ल्यू. डी. अमरदेव, मोरटुवाचे. ते जोगांकडे व्हायोलिन शिकले. परत जाऊन त्यांनी सिंहली लोकगीत आणि रागसंगीत यांचा जो सांधा जुळवला त्याने श्रीलंकेचे अर्धशतक व्यापले. मालदीवच्या राष्ट्रगीताला चाल त्यांनी दिली, आणि २००१ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये ते गेले. कोलंबोतला हा शोक लखनऊचाही होता, आणि जोगांच्या नात्याने थोडा महाराष्ट्राचाही.

स्त्रियांची नावे घ्यायची तर पहिले सुमती मुटाटकर. बालाघाटला १९१६ साली जन्म, ग्वाल्हेरचे राजाभैया पूछवाले यांच्याकडे शिक्षण, मग लखनऊला रातंजनकरांची तालीम. १९३०-४० च्या दशकांत मध्यमवर्गीय मराठी घरातल्या स्त्रीने गाणे हा जीवनाचा व्यवसाय करावा, याला किती बळ लागले असेल याचा अंदाज आज करता येणार नाही. सुमतीबाईंनी संगीतात डॉक्टरेट मिळवली, आकाशवाणीत संगीताची मोठी जबाबदारी सांभाळली, दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या त्या अधिष्ठात्या होत्या. १९९९ मध्ये पद्मश्री, २००७ मध्ये निधन. विद्यापीठात संगीत हा मान्य विषय झाला, त्यात त्यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत.

चित्रपटांकडे गेलेल्यांत तलतखेरीज संगीतकार रोशन. गुजराँवालाचे रोशनलाल मॅरिसमध्ये रातंजनकरांकडे शिकले आणि १९४० मध्ये दिल्ली आकाशवाणीवर इसराजवादक म्हणून रुजू झाले. ‘बरसात की रात’, ‘ताजमहल’, ‘चित्रलेखा’ या चित्रपटांतली त्यांची गाणी ऐकताना राग कुठेही मुद्दाम दाखवलेला दिसत नाही, पण सुटलेलाही दिसत नाही. न्यू थिएटर्सच्या काळातले गाणारे नट पहाडी सान्याल हेही मॅरिसचे. कलकत्त्याचे गायक चिन्मय लाहिरी लखनऊलाच घडले. पुढच्या पिढ्यांत भजनगायक अनूप जलोटा आणि अवधी लोकगीते मंचावर आणणाऱ्या मालिनी अवस्थी यांनी इथेच शिक्षण घेतले.

विद्यार्थ्यांची हजेरी घेताना शिक्षकांचीही घ्यावी लागते, कारण भातखंडे घराणेदार मुसलमान उस्तादांच्या विरोधात होते, असे हल्ली सरसकट लिहिले जाते. त्यांच्या लिखाणात उस्तादांविषयी कठोर शब्द आहेत, हे खरे. पण त्यांच्या संस्थेत तबला शिकवायला लखनऊ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते, सरोदला सखावत हुसेन खाँ. पुढे तबल्याचे अध्यापन अहमदजान थिरकवा यांनी केले आणि बेगम अख्तर यांनीही इथे शिकवले. गोविंद नारायण नातू यांच्यासारखे मराठी शिक्षक त्यांच्या शेजारच्या खोलीत गायन शिकवत. एका छपराखाली हे सगळे होते. बैलहोंगलहून आलेल्या मुलाला लखनऊचा ठेका ऐकायला मिळत होता, आणि लखनऊच्या तलतला उत्तर कानड्यातल्या गुरूकडून ख्याल.

१९५७ मध्ये रातंजनकर लखनऊ सोडून खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले. संस्थेने त्यांच्या जाण्यानंतर बरेच बदल पाहिले. २६ मार्च १९६६ रोजी उत्तर प्रदेश सरकारने कॉलेज ताब्यात घेतले आणि मॅरिसचे नाव जाऊन भातखंडे यांचे आले. २००० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ आहे. जुने विद्यार्थी मात्र शेवटपर्यंत ‘मॅरिस’च म्हणत.

आतापर्यंतची सगळी नावे नामवंतांची झाली. ती घेणे आवश्यक होते, पण तेवढ्यावर हजेरी पुरी होत नाही. मॅरिसमधून विशारद होऊन गेलेली बहुतेक मुले नागपूर, इंदूर, जबलपूर, हुबळी, पुणे, कानपूर अशा गावांत शाळेतली संगीत शिक्षक झाली, किंवा घरी दोन-चार मुलांना शिकवत राहिली. त्यांच्यापैकी कोणाची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. सकाळच्या प्रार्थनेला भूप आणि दुपारच्या तासाला वृंदावनी सारंग शिकवता शिकवता ती निवृत्त झाली. उत्तर भारतातल्या आणि महाराष्ट्रातल्या हजारो घरांत राग म्हणजे काय हे माहीत झाले ते या माणसांमुळे. गिंडे, भट, कायकिणी यांच्याइतकाच संस्थेवर यांचा हक्क आहे, आणि संस्थेचा यांच्यावर.

भातखंडे यांच्या जन्मशताब्दीनंतर १९६६ मध्ये खैरागढहून त्यांचा स्मृतिग्रंथ निघाला. विद्यार्थ्यांचा असा ग्रंथ अजून निघायचा आहे, आणि तो या शताब्दी वर्षात सुरू झाला पाहिजे.

त्यासाठी वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरातल्या कोणी १९२६ ते १९६६ या काळात मॅरिस कॉलेजात शिक्षण घेतले असेल, तर माळ्यावरच्या, कपाटातल्या वह्या एकदा खाली काढा. बंदिशींच्या वह्या, विशारद-निपुणची प्रमाणपत्रे, गुरूंची पत्रे, वर्गाची छायाचित्रे, जुन्या स्पूलवरची किंवा कॅसेटवरची मुद्रणे, यांपैकी काहीही चालेल. मूळ वस्तू तुमच्याकडेच ठेवा; प्रती काढून एक संच लखनऊच्या विद्यापीठ ग्रंथालयाकडे आणि एक आपल्या जवळच्या संगीत संस्थेकडे द्या. प्रत्येक प्रतीवर एवढे जरूर लिहा: विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, मूळ गाव, लखनऊला गेल्याचे आणि परतल्याचे वर्ष, कोणाकडे शिकले, आणि पुढे कुठे व कोणाला शिकवले. छायाचित्रात ओळखू येणाऱ्या प्रत्येकाचे नाव मागे पेन्सिलीने लिहा. त्या पिढीला ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी करा.